वारकरी

परवापासून कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात मला ‘वारकरी’ म्हणतात. माझ्या गळ्यात माळ नाही, पंढरपूरला मी एसटीनं गेलोय आणि तेही एका लग्नाला. माझा गुन्हा एवढाच, की मी त्या दुकानात जाऊन वाऱ्यासाठी पाइप मागितला.

हकिगत थोडक्यात अशी. मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या मागं एक खोली आहे. पूर्वी तिथं म्हैस असायची, आता माझं सुतारकाम असतं. एक गॅरेज बंद झालं तेव्हा त्यांचा पन्नास लिटर टाकीचा कॉम्प्रेसर मी स्वस्तात उचलला. भुसा उडवायला आणि पॉलिश फवारायला उत्तम यंत्र. पण त्याचा आवाज असा, की पहिल्याच दिवशी शेजारच्या काकू ‘चक्की घातली काय?’ म्हणून दळणाचा डबा घेऊन आल्या. म्हणून तो बोळातल्या पत्र्याखाली नेऊन ठेवला. आता बोळातून खोलीपर्यंत हवा आणायची म्हणजे चाळीस फूट पाइप आला.

दुकानाचा मालक तिशीतला. मी तोंड उघडायच्या आत त्यानं पांढरा पीव्हीसी काढून काउंटरवर ठेवला.

“हा नको. कॉम्प्रेसरच्या हवेसाठी पाहिजे.”

“त्याच्यासाठीच दिलाय की काका. दहा किलोचा हाय. छापलंय बघा.”

‘काका’ मी पचवलं. पण दहा किलोवरून मी बोलायला लागलो आणि तिथंच फसलो. कारण दुकानात एक आबा होते.

प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात असा एक माणूस असतो. तो मालक नसतो, नोकर नसतो आणि गिऱ्हाईक तर मुळीच नसतो. स्टूल मात्र त्याचं असतं, पेपर त्याचा असतो आणि चहा आला की पहिला कप त्याचा. हे आबा सत्तरीचे होते. कान मोडलेले, म्हणजे तरुणपणी तालमीच्या मातीत गेलेले. मान न वळवता फक्त डोळे वळवून बघायची त्यांची लकब होती. त्यांनी पेपराची घडी घातली. पेपराची घडी घालणारा माणूस धोकादायक, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

“काय भरणार पाइपात?”

“हवा.”

“वारं?”

“हो.”

“नुसतं वारं?” आबांनी मालकाकडं बघितलं. “आणि त्यानं पाइप फुटतोय म्हणालाय हे?”

मी म्हटलं, “फुटू शकतो. आज नाही, उद्या नाही, पण कधीतरी. उन्हानं कडक होतो, कॉम्प्रेसरमधनं येणारी हवा गरम, त्यात तेलाचा अंश. एखाद्या दिवशी हातोडी निसटून लागली की काचेसारखे तुकडे उडतात.”

“म्या बोअर मारून अठरा वर्षं झाली. साडेतीनशे फुटावरनं पाणी येतंय. पाइप हाय तसा हाय.”

“पाण्याची गोष्ट वेगळी आबा. पाणी दाबलं तर दबत नाही.”

“इथली माणसं बी दबत न्हाईत. कोल्हापूर हाय.”

दुकानातले दोन गिऱ्हाईक हसले. इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण आमच्या घराण्यात गप्प बसायची पद्धत नाही. मी सांगायला लागलो, की आठ किलोच्या दाबानं हजार लिटर पाणी आकसून आकसून किती आकसणार, तर दोन-तीन कप चहाएवढं. पाइप तडकला तर चूळभर पाणी उडतं आणि दाब संपतो. हवेचं तसं नाही. माझ्या पन्नास लिटरच्या टाकीत आठ किलोला साधारण साडेचारशे लिटर हवा कोंबलेली असते. ती दाबलेल्या स्प्रिंगसारखी वाट बघत बसते, आणि फट मिळाली की पाइपाचे तुकडे सोबत घेऊन बाहेर पडते.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “वाऱ्याला वजन असतंय व्हय?”

हा प्रश्न मला फार आवडला. एवढा आवडला, की खड्डा दिसलाच नाही. मी ऐटीत म्हटलं, “असतं की! माझ्या टाकीत साधारण अर्धा किलो हवा असते.”

“अर्धा किलो.”

“हो.”

आबा मालकाकडं वळले. “पाइप कितीचा म्हणालास?”

“दहा किलोचा.”

“मग?”

एवढंच. ‘मग?’ संपूर्ण दुकान माझ्याकडं बघत होतं. एक जण तर केवळ माझं उत्तर ऐकायला सुट्टे पैसे न घेता थांबला होता. मी म्हटलं, अहो, ते किलो वेगळे आणि हे किलो वेगळे. पाइपावरचे किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला किलो.

“मग सेंटीमीटर कमी घ्या की,” आबा म्हणाले.

यावर काय बोलणार? मी पदवीधर आहे. नोकरीत बावीस वर्षं लोकांना व्याजाचे दर समजावून सांगितले. त्या क्षणी मात्र माझ्याकडं एकही वाक्य शिल्लक नव्हतं. मी पाइप हातात घेतला आणि त्यावरची अक्षरं दाखवली. आयएस ४९८५. हे मानकच मुळी पिण्याच्या पाण्याच्या पाइपांचं आहे, आणि तो दहा किलोचा आकडासुद्धा २७ अंश तापमानाला धरलेला, त्याच्यावर पाइप तापत जाईल तशी त्याची ताकद उतरत जाते. “हे कंपनीनं पाण्यासाठी लिहिलंय आबा, हवेसाठी नाही.”

“वाऱ्याला काय वाचाय येतंय?”

सुट्टे न घेतलेला माणूस काउंटरवर डोकं टेकून हसत होता.

मालक मात्र हसत नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. त्याला मी खरोखरच अडाणी वाटत होतो. “काका, एमआयडीसीत जाऊन बघा. शेडच्या शेड ह्याच पाइपावर चालतात. अजून तर कुणी काय तक्रार घेऊन आलं न्हाई.” तक्रार घेऊन कोण येणार? ज्याच्या डोळ्यात पाइपाचा तुकडा गेला, तो दवाखान्यात जातो. पाइपाची पावती घेऊन लक्ष्मीपुरीत येत नाही. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा खात्यानं हवेच्या उघड्या लायनीला पीव्हीसी वापरू नका असा इशारा १९८८ सालीच काढला. आम्ही अजून ‘काय होत न्हाई’ वर आहोत. आणि हे कुठं, तर उद्यमनगरच्या गावात! ज्या गावात ओतकामाचं बाळकडू मिळतं, जिथं चहाच्या टपरीवर शेजारचा माणूस बेअरिंगचा नंबर तोंडपाठ सांगतो, तिथं पाइपाबद्दल साधा प्रश्न विचारला की माणूस भित्रा ठरतो. हेल्मेटचं तेच, गॅसच्या नळीचं तेच, गणपतीच्या मांडवातल्या वायरिंगचं तेच. काही झालं तर म्हणायचं, त्याची वेळ आली होती. वेळ कशाला येते? पाइप आला होता.

असो. भडकलो. मुद्दा पाइपाचा.

दुसरे पर्याय मी घरीच पाहून ठेवले होते. तांबं सगळ्यात छान, पण चाळीस फुटांचा भाव काढल्यावर बायकोनं आईच्या वेळच्या हंड्या-घागरी कुलूपबंद केल्या. ॲल्युमिनियमची तयार लाइन मिळते, दिसायलाही देखणी, पण ती कारखान्यांची चैन. निळी पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनची लवचीक नळी स्वस्त, दाबाला चालणारी, बोटानं दाबून बसवायच्या जोडांची. ती मी जवळजवळ घेतलीच होती. पण आमच्या बोळातल्या उंदरांनी गेल्या वर्षी इंटरनेटची केबल खाल्ली. मी पॉलिश मारत असताना बोळात एखादा उंदीर आठ किलो तोंडात घेणार, ही कल्पना उंदराच्या दृष्टीनंसुद्धा बरी वाटेना.

राहिला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. “अर्धा इंची जीआय, बी क्लास, निळ्या पट्ट्याचा. आटे पाडून,” मी म्हटलं.

मालकानं आबांकडं बघितलं. आबांनी डोळे मिटून परवानगी दिली. “द्या त्यांला लोखंड. वारं पळून जाईल न्हाईतर.” आणि मी पैसे देऊन वळलो तेव्हा मागून आलं, “या हं, वारकरी!”

आषाढ चालू आहे. बाहेर पाऊस होता. हसणाऱ्यांत पाऊससुद्धा सामील झाल्यासारखा वाटला.

बसवायचं काम एका दिवसात झालं. फक्त प्लंबरला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागली. कॉम्प्रेसर थरथरतो म्हणून सुरुवातीला रबरी होजचा तुकडा. लाइन थोडी उतरती. फाटा पाइपाच्या वरच्या अंगानं काढून मग खाली वळवलेला, आणि अगदी शेवटी खाली कॉक. “कॉक कशाला? ह्यात पाणी कुठाय?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, कोल्हापूरचा आषाढ आहे, हवेतच पाणी आहे. ती दाबून गार झाली की ते पाइपात उतरतं, आणि काढलं नाही तर नेमकं पॉलिशवर येऊन बसतं. संध्याकाळी कॉक उघडला तर पिचकारीसारखं गढूळ पाणी आलं. प्लंबर म्हणाला, “आयला, खरंच की.” दोन दिवसांत माझ्या वाट्याला आलेलं तेवढंच एक कौतुक. मी त्याला वीस रुपये जास्त दिले.

मग साबणाचा फेस लावून जोड तपासले. एक युनियन, म्हणजे दोन पाइप जोडणारा खोलता येणारा जोड, फुसफुसत होता. दोनदा आवळला, टेप बदलली, तरी फेसाचे फुगे येतच राहिले. नवा आणायला पाहिजे होता. एवढ्या उशिरा उघडं असणारं दुकान जवळपास एकच, आणि तिथं मी जाणार नव्हतो. मुलाला पाठवलं. माझं नाव सांगू नकोस, नुसतं म्हण अर्धा इंची युनियन, असं बजावून पाठवलं.

तो अर्ध्या तासानं भिजत आला.

“बाबा, तुम्हाला तिथं सगळे ओळखतात.”

“तू नाव सांगितलंस?”

“नाही. बोळातल्या वाऱ्याच्या पाइपाला पाहिजे म्हटलं फक्त. एका आजोबांनी मला चहा पाजला.”

पावतीवर गिऱ्हाइकाच्या नावापुढं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘वारकरी, मंगळवार पेठ.’ मी पिशवीत हात घातला. युनियन हाताला हलका लागला. बाहेर काढून बल्बखाली धरला.

पांढरा होता. दहा किलोचा.