गोडलिंबावर 'औषध' मारलं म्हणे

आज सकाळी साडेसातला दूध आणायला खाली उतरले आणि दुसऱ्या मजल्यावरच वास आला. दुसऱ्या कोणाला वाटलं असतं की रंगकाम चालू आहे. मला नाही वाटलं. तो वास मी बाराव्या वर्षापासून ओळखते.

खाली पाहते तर पाठीवर पंप घेतलेला एक पोरगा आमच्या स्कीमच्या, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीच्या, कंपाउंडलगतच्या झाडांवर फवारा मारून राहिला होता. जास्वंद झाली होती, मोगरा झाला होता, आणि मी धावत पोचेपर्यंत माझा गोडलिंब, म्हणजे कढीपत्ता, शेंड्यापासून बुडापर्यंत निथळत होता. "काऊन मारून राहिला रे?" म्हटलं. तर म्हणतो, "सेक्रेटरी साहेबांनी सांगितलं ना काकू. अळ्या झाल्या म्हणे. औषध मारायला लावलं."

औषध!

आज रविवार आहे. रविवारी आमच्या स्कीममधल्या चौदाही घरांत पोहे होतात आणि चौदाही घरांचा गोडलिंब या एकाच झाडाचा असतो. झाड मी लावलं, नऊ वर्षांपूर्वी काटोलहून, माहेरच्या झाडाच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू आणून. पण कोणी मला विचारून पानं तोडावीत असं मला कधीच वाटलं नाही. गोडलिंब विचारून तोडायचा असतो का? ज्याच्या कढईत तेल तापलं त्याचा तो गोडलिंब. म्हणून तर मी दूध बाजूला ठेवलं आणि दहा वाजेपर्यंत त्या झाडाजवळ उभी राहिले. येईल त्याला सांगत होते, आज तोडू नका, पंधरा दिवस तोडू नका. तरी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या हातात डहाळी होतीच. मी सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, धुऊन घेते ना मी." मी त्यांच्या हातातून ती डहाळी ओढून घेतली. वयाने मोठ्या आहेत, असं करायला नको होतं, संध्याकाळी जाऊन माफी मागेन. पण ती डहाळी मी परत दिली नसतीच.

आता कारण सांगते, कारण खूप जणांना वाटतं ही बाई एवढं का चिडते.

१९८८ चा ऑक्टोबर होता. काटोलला आमचं वावर, संत्र्याची तीनशे झाडं, मृगाचा बहार झाडावर. त्या वर्षी बागेत कोळशी आली होती. ज्यांच्या घरी संत्रा आहे त्यांना सांगायला नको. काळी माशी पानावर बसते, चिकट द्रव सोडते, त्यावर काळी बुरशी धरते आणि हिरवीगार बाग चुलीतून काढल्यासारखी दिसू लागते. बाबा तीन दिवस सलग फवारत होते. अंगात बनियन, तोंडाला दुपट्टा, पाठीवर गळका पंप. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आले आणि ओसरीवर बसून मला म्हणाले, "बाई, दिवे गेले का?" दुपारचे दोन वाजले होते. बाहेर डोळे दिपावेत असं ऊन होतं.

तो वास तेव्हा बाबांच्या बनियनला होता. तोच आज जिन्यात होता.

असो. जरा श्वास घेते.

मला खरं तर आज दुसरंच लिहायचं होतं. कोजागिरी झाली, पाऊस एकदाचा गेला, दुपारी अजून ऑक्टोबर हीटचे चटके बसतात पण पहाटे पायाशी गोधडी लागते. नागपूरकराला वर्षात हेच पंधरा-वीस दिवस बागेत मनापासून बसता येतं. उन्हाळ्यात आपण फक्त झाडं जगवतो आणि पावसाळ्यात फक्त चिखल काढतो. आता कुठे वाफे भुसभुशीत झालेत. कूलर उतरवले, त्यातल्या एकाची सडलेली टाकी मी गच्चीत ठेवून तिच्यात मेथी टाकली. खारीने पहिल्याच दिवशी उकरली. परत टाकली, वर जुनी जाळी अंथरली, आता दोन पानांवर आली आहे. सांबार, म्हणजे कोथिंबीर, मात्र अजून वर आला नाही. धणे रगडून दोन फोडी केल्या होत्या, रात्रभर भिजवले होते, सगळं केलं होतं, आणि शेजारच्या मांजराने नेमक्या त्याच कुंडीत घरटं केल्यासारखं अंग मुडपून झोपायला सुरुवात केली. शेवंतीला कळ्या धरल्या आहेत आणि शेंड्यांवर काळा मावा बसला आहे. मावा बोटांनी पुसून काढते, पाण्याचा जोरदार फवारा देते, चार दिवसांनी परत येतो, परत पुसते. हवा आपल्याला बरी वाटते तेव्हा किडीलाही बरीच वाटते. त्यांचीही कोवळी पालवी खायची हीच वेळ.

आणि गोडलिंबावर अकरा अळ्या होत्या. अकरा, कारण खालच्या मजल्यावरच्या साडेचार वर्षांच्या पोट्ट्याला तोवरच मोजता येतं, पुढे तो परत एकपासून सुरू करतो. दसऱ्यापासून रोज शाळेत जायच्या आधी तो आणि मी झाडाजवळ उभे राहत होतो. आधी पानावर पिवळसर मोहरीएवढी अंडी. मग पक्ष्याची विष्ठा पडावी तशी काळी-पांढरी अळी, म्हणजे पक्ष्यालाही वाटावं की हे खाण्यासारखं नाही. मग एक दिवस कात टाकून एकदम हिरवी. काडीने जरा हात लावला की डोक्यातून लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पोरगा दर वेळी किंचाळायचा आणि दर वेळी म्हणायचा, अजून एकदा. ही लिंबावरच्या फुलपाखराची अळी. गोडलिंब, लिंबू, संत्रा सगळे एकाच कुळातले, म्हणून ती तिन्हींवर येते. पानं खाते, हो, खातेच. गेल्या वर्षी याच झाडाच्या काड्या झाल्या होत्या. होळीला असा फुटला की पानं तोडून तोडून लोक दमले.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं. देशात असं करणारं पहिलं राज्य आपलं. त्याच्याही अळ्या याच लिंबाच्या कुळावर वाढतात. म्हणजे शाळेच्या भिंतीवर फुलपाखराचं चित्र काढायचं, पोरांना रंगवायला लावायचं, आणि झाडावर अळी दिसली की पंपवाल्याला फोन करायचा. अळीचंच फुलपाखरू होतं हे आपल्याला चौथीत शिकवलं होतं ना?

मी सेक्रेटरी भाऊंकडे गेले. माणूस वाईट नाही. लिफ्टसाठी स्वतःच्या खिशातून पैसे भरून मागे उभा राहणारा माणूस आहे. म्हणाले, "ताई, डेंगूचे दिवस आहेत, मी सगळ्यांच्या भल्यासाठीच औषध मारलं." डेंगूचं मान्य, आमच्याच गल्लीत दोघं भरती होते. पण डेंगूचा डास कूलरच्या टाकीत, कुंडीखालच्या थाळीत, गच्चीवरच्या टायरात साचलेल्या स्वच्छ पाण्यात होतो हे महापालिकेचे लोक दारोदार येऊन सांगून गेले. गोडलिंबाच्या पानावर कोणता डास होतो? भाऊ गप्प बसले. मग म्हणाले, "चला, झालं ते झालं, औषधच आहे ना, जाईल धुऊन."

परत औषध.

१९८८ ला बाबांना मेटाडोरमध्ये घालून नागपूरला आणलं. वाटेत उलट्या, तोंडाला लाळ, कपडे घामाने चिंब. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांवर बॅटरी मारून पाहिलं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. डॉक्टर आईकडे वळले आणि हळू आवाजात विचारलं, "घरात काही भांडण झालं होतं का? औषध कधी घेतलं?"

आई म्हणाली, "घेतलं नाही हो साहेब. मारलं."

विदर्भातल्या माणसाला या दोन वाक्यांचा अर्थ उलगडून सांगावा लागत नाही. औषध घेतलं, औषध प्यायला, हे आपल्याकडे कोणत्या घरासमोर गर्दी जमली की ऐकू येतं ते आपण सगळे जाणतो. आणि तरी दुसऱ्या दिवशी कृषी केंद्रात जाऊन आपण म्हणतो, भाऊ, अळीचं औषध द्या. एवढी मोठी आपली भाषा, आणि विषाला विष म्हणायला तिला काय होतं? डब्यावर त्रिकोण छापलेला असतो, लाल म्हणजे सगळ्यात जहरी, मग पिवळा, निळा, हिरवा. तो त्रिकोण पाहायचा म्हटलं तर आज त्या पोराजवळ डबाच नव्हता. कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणलं होतं, बाटली झाडाच्या बुडाशी ठेवलेली, झाकण उघडं. जिथे रोज सकाळी साडेचार वर्षांचं पोट्टं उभं राहतं, तिथे. आता सांगा मला मी का चिडू नये!

२०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. शेकडो दवाखान्यात होते. माझे बाबा तेव्हा होते. टीव्हीवर बातमी लागली, खाटेवरच्या पेशंटच्या डोळ्यांवर पट्टी दाखवली, आणि बाबांनी उठून टीव्ही बंद केला. दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. रात्री जेवताना आईला एवढंच म्हणाले, "माझी फक्त दोन दिवस नजर गेली होती ना?" आई म्हणाली, "चार दिवस."

तीनशे झाडांच्या बागेत अळ्या हाताने वेचता येत नाहीत, हे मला कोणी सांगायला नको. शेतकऱ्याला फवारावं लागतं. त्याचं पोट त्यावर आहे, मी त्याला उपदेश करायला बसले नाही. पण आमच्या कंपाउंडला पाच-सात झाडं आहेत. पाच-सात! त्यातल्या एकाला अळ्या. नागपुरात लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, कापसाची आहे, कृषी महाविद्यालय महाराजबागेला लागून आहे, आणि सुशिक्षित लोकांच्या स्कीममध्ये बाटलीवरचं नावसुद्धा न वाचता विष मारलं जातं. मोनोक्रोटोफॉस हे जहरी कीटकनाशक भाजीपाल्यावर मारायला २००५ पासून बंदी आहे. आज त्या बाटलीत काय होतं? मला माहीत नाही. सेक्रेटरी भाऊंना माहीत नाही. त्या पोरालाही माहीत नाही, त्याला मालकाने भरून दिलं.

जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाला काही तरी करावंच लागतं, तेही मान्य. तो नुसत्या पुसण्याने जात नाही. पण त्याला साबणाचं पाणी आहे, निंबोळी आहे. आपल्या शहरात कडुलिंबाला तोटा आहे का? जून-जुलैत रस्त्यावर निंबोळ्यांचा सडा पडतो, पायाखाली चिरडत आपण ऑफिसला जातो. त्या गोळा करून वाळवून ठेवायच्या. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम कुटून, फडक्यात बांधून रात्रभर भिजत ठेवायच्या, सकाळी पिळून गाळायचं, चिमूटभर साबण टाकायचा, संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारायचं. दवाखान्यातून आल्यावर बाबांनी परसातल्या झाडांना आयुष्यभर दुसरं काही लावलं नाही. आणि विहिरीजवळच्या गोडलिंबाला तर तेही नाही. त्याच्यावरच्या अळ्या ते पळसाच्या पानावर उचलून मागच्या कवठावर नेऊन सोडायचे. कवठही त्याच कुळातलं. मी विचारलं तर म्हणाले होते, "खाऊ दे. तिलाही दिवाळी आहे."

हे लिहिताना राग बराच गेला आहे. कारण त्या पंपवाल्या पोराचं सांगायचं राहिलं.

वीस-एकवीस वर्षांचा असेल. उघडे हात, पायात स्लिपर, तोंडाला रुमाल, आणि रुमालही ओला. मी त्याच्यावर खूप ओरडले. तो ऐकून घेत उभा राहिला आणि मग खालच्या नळावर नुसत्या पाण्याने हात धुऊन खिशातून खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी काढली. त्याच हाताने. मी पुडी खाली ठेवायला लावली, वरून साबण आणला, कोपरापर्यंत धुवायला लावलं, यजमानांचा एक जुना शर्ट दिला. म्हणाला, "सवय आहे ना काकू, काही होत नाही." बाबाही आईला हेच म्हणायचे, पहिले दोन दिवस. मी त्याला विचारलं, डोकं दुखतं का संध्याकाळी? तो म्हणाला, "ते तर सगळ्यांचंच दुखते ना." मी त्याच्यावर ओरडायला नको होतं. त्याच्या मालकाचा नंबर घेतला आहे, उद्या बोलणार आहे. हातमोजे आणि मास्क दिल्याशिवाय आमच्या फाटकातून कोणी पंप घेऊन आत येणार नाही, हे पुढच्या मीटिंगमध्ये लिहून घेणार आहे. आणि कोणत्याही झाडावर काहीही मारायच्या आधी निदान दोन दिवस बोर्डावर सूचना. एवढं तर होऊ शकतं ना?

दुपारी पोट्टं खाली आलं. मी झाडाला लाल दोरी बांधली होती, ती पाहून त्याने विचारलं, झाडाला बरं नाही का? मी म्हटलं, नाही. मग त्याने मोजायला सुरुवात केली. तीन अळ्या खाली मातीत पडल्या होत्या, बाकीच्या पानांवरच लोंबत होत्या, हालत नव्हत्या. त्याने एकपासून अकरापर्यंत सगळ्या मोजल्या आणि म्हणाला, "झोपल्या." मी हो म्हटलं. खोटं बोलले. त्याच्या आईला सांगितलं आहे की त्याचे हात धुऊन घे आणि पंधरा दिवस त्याला तिकडे जाऊ देऊ नको.

आता एक काम आहे सगळ्यांकडे. दिवाळीच्या चिवड्याला गोडलिंब लागेल, चौदा घरांचा. आमचा चालणार नाही आणि बाजारातल्या जुडीवर काय मारलं असेल याचा भरवसा नाही. त्रिमूर्ती नगर, प्रताप नगर, खामला, जयताळा, कुठेही, कोणाच्या अंगणात फवारा न मारलेला गोडलिंब असेल तर कमेंटमध्ये सांगा, मी स्वतः पिशवी घेऊन येते. बदल्यात मेथी देईन, खारीने ठेवली तर. आणि पानांवर अळ्या असतील तर झटकू नका, तशाच राहू द्या. मी पाहून घेईन.