केराची पाटी

काल सकाळी इंदूरच्या रामबागेत, आमच्या गल्लीत, कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. आई ओल्या-सुक्याचे डबे घेऊन पायऱ्या उतरली आणि दोन मिनिटांत रिकामे डबे घेऊन परत आली. आणि मावशी, उसळ-पोह्यांवर शेव पेरता पेरता, मला म्हणते, "तुमच्या जर्मनीत हे झेंगट नसेल ना गं? तिथं सगळं कसं आपोआप स्वच्छ!"

आपोआप!

आईने डोळे वटारले म्हणून गप्प बसले. पण तो शब्द कालपासून डोक्यात घण घालतोय, तेव्हा आता लिहूनच काढते. मावशी, तिथलं ते 'आपोआप' म्हणजे मी. तुझी भाची. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून मरगळून आलेली, हातात बादली घेऊन जिन्यात ओणवी.

स्टुटगार्टच्या भागात एक प्रथा आहे, 'केअरवोखं'. केअर म्हणजे झाडणं, वोखं म्हणजे आठवडा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं. म्हटलं, वा, केराचा आठवडा, हा तर आपलाच शब्द! ते हसू पहिल्या पाळीपर्यंतच टिकलं. इमारतीत सहा बिऱ्हाडं. एक लाकडी पाटी आहे, त्यावर तो शब्द कोरलेला. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला ती लटकते. मग त्याने आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा, कठडा पुसायचा, जिन्यातल्या खिडकीची चौकटसुद्धा. मोठी पाळी आली की तळघर आणि बाहेरचा फुटपाथही आपल्याच गळ्यात. हिवाळ्यात बर्फ पडलं तर कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत फावडं घेऊन बाहेर, कारण कुणी घसरून पडला तर निस्तरायला आपण.

याची मुळं म्हणे १४९२ सालापर्यंत जातात. तिकडे कोलंबस अमेरिकेला लागत होता आणि इकडे एबरहार्ड नावाचा सरदार लोकांना बजावत होता, दर आठवड्याला आपापलं शेण गावाबाहेर नेऊन टाका. बरं, महापालिकेने सक्ती १९८८ मध्येच काढून टाकली. पण घरमालकांना ते कुणी सांगायचं? भाडेकरारात कलम आहे, खाली माझी सही आहे. सही करताना मला 'नमस्कार' आणि 'धन्यवाद' एवढंच जर्मन येत होतं.

पहिल्या पाळीला मी इंदुरी उत्साहात दिवाळीच्या आधी धुतात तसा जिना धुतला. बादलीभर पाणी, साबण, खराटा. जिना लाकडाचा! पाणी झिरपत तळघरात. तळमजल्यावरच्या बाई वर आल्या. ओरडल्या असत्या तर चाललं असतं, मी इंदूरची आहे, ओरडण्याला उत्तर देता येतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी कठड्यावरून एक बोट फिरवलं, ते बोट स्वतः बघितलं, मग मला दाखवलं. आणि खाली निघून गेल्या. ते बोट मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मला! जिचं शहर २०१७ पासून सलग सात वर्षं देशात स्वच्छतेत पहिलं आलं, तिला बोट दाखवता? आमच्याकडे कचरा सहा प्रकारांनी वेगळा करतात हो! माझी आजी शेवटच्या दिवसांत औषधाची रिकामी पाकिटंसुद्धा वेगळी ठेवायची. हे सगळं मला जर्मनमध्ये सांगायचं होतं. तोंडातून निघालं, 'एन्टशुल्डिगुंग', माफ करा. जळो ते माफ करा.

आणि बाटल्यांचं तर विचारूच नका. तिथे पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाकली की पैसे मिळतात. छान कल्पना आहे, मान्य. पण आपल्याकडे लहानपणापासून काय शिकवलंय? बाटलीवरच छापलेलं असतं, वापरून झाली की चुरगळून टाका. मी आज्ञाधारकपणे अकरा बाटल्या चुरगळून पिशवीत भरून घेऊन गेले. चुरगळलेल्या बाटलीवरचा बारकोड यंत्राला वाचता येत नाही. एकेक बाटली आत जायची, घरघर व्हायची आणि परत बाहेर यायची. मागे रांग. कुणी काही बोलत नाही, नुसते श्वास सोडतात. पावणेतीन युरो गेले, त्यापेक्षा ते श्वास जास्त लागले.

काचेच्या बाटल्यांसाठी रस्त्यावर वेगळे डबे, पांढऱ्या, तपकिरी आणि हिरव्या काचेचे. निळी बाटली असेल तर ती हिरव्यात. (का? विचारायचं नाही.) आणि हे रविवारी करायचं नाही, खळ्ळकन आवाज होतो. नोकरी करणाऱ्या माणसाला वेळ कधी असतो? रविवारी. दुकानं कधी बंद? रविवारी. भिंतीत खिळा कधी ठोकायचा नाही? रविवारी. ती शांतता त्यांच्या राज्यघटनेत आहे, १९१९ सालच्या घटनेतलं कलम आजच्या घटनेत जसंच्या तसं उचललेलं. म्हणजे रविवारी सकाळी दहाला मी मिक्सरवर खोबऱ्याची चटणी फिरवली तो जवळजवळ घटनाभंग. बेल वाजलीच. बोटवाल्या बाईच होत्या.

फोडणी दिली की छतावरचा धुराचा भोंगा किंचाळतो. घरात टीव्ही नाही, तरी टीव्ही-रेडिओची वर्गणी दर घरामागे महिना १८ युरो ३६ सेंट. खिडकी नुसती तिरपी ठेवली तर घरमालक म्हणतो, बुरशी येईल, दिवसातून दोनदा सताड उघडा. बाहेर उणे सहा! सताड!

कुणाला सांगायला जावं तर "एवढंच ना?" थंडी, भाषा, एकटेपणा, यांचं लोक समजून घेतात, त्यावर उसासे टाकतात. पण बाटली परत आली म्हणून रडू आलं हे सांगितलं की हसतात. परवा सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खाताना मामा म्हणाला, "अगं, देश तसा वेष." घातला ना वेष! पण त्याला बटणं दोनशे आहेत आणि रोज एखादं चुकीच्या काजात जातं. त्याच रात्री पाण्याची बाटली संपल्यावर मी ती न चुरगळता, झाकण नीट लावून पर्समध्ये ठेवली. भाऊ अजून हसतोय.

हे लिहीत असतानाच फोन वाजला. तिथली मैत्रीण झाडांना पाणी घालायला माझ्या घरी गेली होती, तिने फोटो पाठवलाय. माझं दार, मुठीला पाटी. वरच्या मजल्यावरच्या विद्यार्थ्याशी मी पाळी बदलून घेतली होती, तो विसरला. पाटीखाली एक चिठ्ठी, तीन उद्गारचिन्हांची. अक्षर कुणाचं ते सांगायला नको.

आई खांद्यावरून डोकावली. "काय लिहिलंय गं?"

"केर काढायला बोलावतायत."

"ओला की सुका?"