फ्लॅटची एक खोली विकता येत नाही

दुसरा फ्लॅट घेऊन भाड्याने द्यायचा की तेच पैसे निफ्टीच्या इंडेक्स फंडात (निफ्टीतल्या ५० मोठ्या कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड) टाकायचे, या वादात फ्लॅटवाले मेंटेनन्स विसरतात आणि शेअरवाले कर्ज विसरतात. म्हणून आधी आकडे.

पुण्यात सिंहगड रोडला ८० लाखांचा रीसेल टूबीएचके धरू. मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार (बाईच्या नावावर घेतला तर एक टक्का कमी), नोंदणी ३० हजार, एजंट ८० हजार, सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम कमाल २५ हजार. किचन ट्रॉली, पंखे, गीझर, ग्रिल, रंग यांना ३ लाख. म्हणजे ८० लाखांचा फ्लॅट हातात येईपर्यंत ९० लाखांचा झालेला असतो. यातले १० लाख पहिल्याच दिवशी बुडीत. 'भाव डबल होतो' म्हणणाऱ्याला नेहमी विचारावं, किती वर्षांत? दहा वर्षांत डबल म्हणजे वर्षाला जेमतेम सव्वासात टक्के.

आता भाडं. महिना २४ हजार. वर्षाला एक महिना फ्लॅट रिकामा धरायचाच, म्हणजे हातात २ लाख ६४ हजार. त्यातून मेंटेनन्स ४२ हजार, घरपट्टी १८ हजार (मालक स्वतः राहत असेल तर पुणे महापालिका देते ती ४० टक्के सवलत भाड्याच्या फ्लॅटला नाही), नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते तो आकार, ३,६०० (सोसायटीला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर ते घेता येत नाही, बिल तपासा), दर दोन वर्षांनी एजंटला एक भाडं म्हणजे वर्षाला १२ हजार, आणि रंग-प्लंबिंग सरासरी २० हजार. उरले १ लाख ६८ हजार. ९० लाखांवर १.८७ टक्के.

यावर कर. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा, मग सरसकट ३० टक्के वजावट. मेंटेनन्स, रंग, एजंट सगळं त्या ३० टक्क्यांतच आलं, वेगळं काही मिळत नाही. ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाला सुमारे ५४ हजार कर बसतो. शेवटी हातात राहतात महिन्याला साडेनऊ हजार. 'चोवीस हजार भाडं येतं' असं चारचौघांत सांगणाऱ्याचं खरं उत्पन्न एवढं आहे.

मग लोक फ्लॅट घेतात कशाला? कर्जासाठी. इथे फ्लॅटवाल्यांची बाजू खरंच भक्कम आहे, कारण इंडेक्स फंडात टाकायला ६० लाख वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी कुठलीही बँक देत नाही. पण कर्जाची धार दोन्ही बाजूंनी असते. स्वतःचे ३० लाख, कर्ज ६० लाख, ईएमआय ५२ हजार. खर्च वजा जाता भाड्यातून येतात १४ हजार. दर महिन्याला ३८ हजार पगारातून. पहिल्या वर्षी मुद्दल फिटतं फक्त सव्वा लाखाच्या आसपास, बाकी व्याज. आता भाव वर्षात १० टक्के चढला तर भाडं धरून आणि व्याज वजा करून तुमच्या ३० लाखांवर साधारण १५ टक्के सुटतात. ५ टक्के चढला तर दोन टक्के. जागच्या जागी राहिला तर उणे ११. भाव पडलेला नाही, नुसता थांबलाय, तरी. शिवाय नव्या करप्रणालीत व्याजाची वजावट भाड्याच्या उत्पन्नापुरतीच. उरलेला तोटा पगारातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. घरकर्जाने टॅक्स वाचतो हे जुनं गणित डोक्यात ठेवून आजही लोक बुकिंग करतात, याचं नवल वाटतं.

इंडेक्स फंडाचा धोका वेगळा आहे आणि तोही गुळगुळीत करून सांगू नये. जानेवारी २००८ मध्ये ६,३५७ ला गेलेला निफ्टी त्याच ऑक्टोबरात २,२५० च्या आसपास होता. ती जुनी पातळी कायमची ओलांडायला मार्च २०१४ उजाडला. फ्लॅटचा भाव रोज मोबाइलवर दिसत नाही म्हणून तो स्थिर वाटतो, एवढंच. एसआयपी (दरमहा ठरलेली रक्कम फंडात टाकणं) कित्येक जण घसरणीतच बंद करतात, आणि कारण दर वेळी बाजार नसतो. कधी ईएमआयची ओढाताण असते.

म्हणून तोल साधायचा तो इथे. फंडाची युनिटं थोडी थोडी विकता येतात, फ्लॅटची बाल्कनी विकता येत नाही. कशात किती पैसे ही टक्केवारी बिघडली की थोडं इकडचं तिकडे करा, हा नियम फ्लॅटला लागूच होत नाही. उपाय एकच, येणाऱ्या पैशाची दिशा बदलायची. राहतं घर हिशेबातून बाहेर काढा. उरलेल्या संपत्तीत फ्लॅट निम्म्याहून जास्त असेल तर नवीन प्रत्येक रुपया फंडात, भाड्यासकट. भाड्यासाठी वेगळं बचत खातं ठेवा, खर्च आणि कराचे पैसे तिथेच राहू द्या, साडेनऊ हजारांची एसआयपी त्याच खात्यातून १० तारखेला. निफ्टी ५० चा डायरेक्ट प्लॅन (एजंटशिवाय थेट घेतलेला) एक पुरे. सोबत लार्जकॅप (मोठ्या कंपन्यांचा फंड) आणि ईएलएसएस (करबचतीचा शेअर फंड) घेणारे बऱ्याच अंशी त्याच बँका आणि तोच रिलायन्स तीनदा विकत घेतात. कर्ज चालू असेल तर आधी सहा ईएमआय आणि सहा महिन्यांचं मेंटेनन्स एफडीत, मगच एसआयपी. आणि दर मार्चला सव्वा लाखापर्यंतचा फंडातला दीर्घ मुदतीचा (वर्षाहून जुन्या युनिटांवरचा) नफा काढून पुन्हा गुंतवा. तेवढ्यावर कर नाही. त्यापुढे साडेबारा टक्के.

एक गोष्ट कोणी बोलत नाही. नोकरी हिंजवडीत, फ्लॅट हिंजवडीत, भाडेकरूही आयटीतलाच. आयटीला खोकला झाला की पगार, भाडं आणि फ्लॅटचा भाव एकदमच आजारी पडणार. २०२० मध्ये भाडेकरू लॅपटॉप घेऊन गावी गेले आणि फ्लॅट रिकामे पडले. निफ्टीही त्या मार्चमध्ये ७,५११ पर्यंत आला होता, पण नोव्हेंबरात नव्या उच्चांकावर होता. रिकाम्या फ्लॅटचं मेंटेनन्स मात्र दरमहा येतच होतं.

फ्लॅट आधीच असेल, कर्जमुक्त असेल, तर घाईने विकूही नका. करार तेवढा नीट करा. ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची (भाड्याच्या कराराची) नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं पाडायचं काम तुमचं. मुद्रांक पाव टक्का, नोंदणी १ हजार. एवढ्यासाठी नोटरीवर भागवणारे खरोखर धन्य.

आणि भाडेकरू बदलला की रंगाऱ्याच्या आधी प्लंबर बोलवा. खालच्या फ्लॅटच्या बाथरूमच्या छताला ओल आली, तर वॉटरप्रूफिंगसाठी टाइल्स फोडाव्या लागतात, आणि तोवर वरच्या मजल्यावर नवा भाडेकरू राहायला आलेला असतो.