मोज्यांवर आळ

आमच्या घरात कुठेही वाईट वास आला की पहिला संशय माझ्या मोज्यांवर जातो. तपासाची ही जुनी पद्धत आहे. आरोपी आधीच ठरलेला असतो, गुन्हा सावकाश शोधतात.

यंदा जुलैत बेडरूममध्ये वास यायला लागला. आमच्याकडे एसी एकच. त्यामुळे मे महिन्यात आई-आप्पा आणि चिरंजीव अशी सगळी वरात गाद्या घेऊन आमच्या खोलीत येते आणि पाऊस लागला तरी हलत नाही. डोंबिवलीतला पावसाळा, दोरीवर तीन दिवस न वाळलेले कपडे, खिडक्या बंद. एसी लावला की पहिल्या दोन मिनिटांत तो वास यायचा. ओलं फडकं डब्यात विसरावं आणि तो डबा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकावा, तसा.

आईच्या मते वास कुबट. चिरंजीवांच्या मते आत पाल मेलीय. आप्पांना वास येतच नाही. ते १९७८ पासून तपकीर ओढतात. आणि बायकोने तर डोळेही न उघडता विचारलं, "मोजे कुठे ठेवलेस?"

मोजे धुतले. उकळत्या पाण्यातून काढले. शेवटी पिशवीत घालून, गाठ मारून गॅलरीत टांगले. वास जागच्या जागी. तरी मोजे सुटले ते पुराव्याअभावी, निर्दोष म्हणून नव्हे. मग मीच फोनवर शोधाशोध केली आणि मिळालेली माहिती मोठ्याने वाचायची चूक केली. एसीच्या या वासाला अमेरिकेतले मेकॅनिक 'डर्टी सॉक सिंड्रोम' म्हणतात. बायको म्हणाली, "बघ, तिकडेपर्यंत पोचलंय."

आईने एसीखाली उदबत्ती लावायला सुरुवात केली, वर जाळीपाशी कापराच्या वड्या ठेवल्या. तिसऱ्या दिवशी खोलीला श्रावणात गळणाऱ्या गाभाऱ्याचा वास यायला लागला. त्यावर बायकोने मोगऱ्याचा स्प्रे मारला. आता मोगऱ्याच्या बागेत गोणपाट वाळत घातल्यासारखं झालं. सुटं सुटं दुःख सोसता येतं, हे मिश्रण नाही.

पहिला मेकॅनिक आला तेव्हा वास गायब. एक तर हा वास जोर करतो तो सुरुवातीलाच आणि आम्ही पाहुणा येणार म्हणून खोली तासभर आधीपासून गार करून ठेवली होती. शिवाय नाकाचं असं आहे की तेच तेच कुणी सांगायला लागलं की दहा मिनिटांत ते ऐकणं सोडून देतं. (बायकोच्या मते माझे कानही याच कंपनीचे आहेत.) मेकॅनिकने दारातूनच एसीकडे पाहिलं आणि निदान केलं, "गॅस कमी झालाय, साहेब."

"पण गारवा तर व्यवस्थित आहे."

"आहे ना, तेच सांगतोय. आता जाणार."

एसीतला गॅस म्हणजे काही स्वयंपाकाचा सिलिंडर नव्हे. तो बंद नळीत गोल गोल फिरत असतो, कुठे गळती नसेल तर वर्षानुवर्षं संपत नाही. एवढं मला माहीत होतं म्हणून अडीच हजार वाचले. चहा मात्र गेला.

दुसरा मेकॅनिक म्हणजे विशीतला एक काटकुळा पोरगा. पाठीवर सॅक, हातात छोटा पंप. त्याने गॅसचं नावही काढलं नाही. एसीखाली प्लास्टिकची झोळी बांधली, तिचं नळकांडं बादलीत सोडलं, पुढचं झाकण उघडलं आणि मोबाइलचा टॉर्च आत मारून मला म्हणाला, "काका, बघा."

जाळ्या मी दर महिन्याला धुतो, त्या स्वच्छ होत्या. त्यांच्या मागे खाली एक आडवा, लांबट पंखा असतो, बारीक पात्यांचं लाटणं असावं तसा. त्याला ब्लोअर म्हणतात. त्याचं एकेक पातं काळ्या, ओशट मखमलीने मढलेलं होतं. पोराने बोट फिरवलं तर बोटावर काजळासारखा थर आला. आणि ही मखमल चाटून येणारी हवा आम्ही पाचजण रात्रभर श्वासात घेत होतो.

जेट सुरू झाला. झोळीतून बादलीत जे उतरलं ते पहिल्या पावसातल्या गटाराला लाजवेल असं होतं. चार वर्षांची फोडणी, टाल्कम पावडर, उदबत्तीचा धूर आणि अखेर आईच्या कापराची अर्धी वडी.

पोरगा काम करता करता सांगत होता. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून थेंब सुटतात, तसे आतल्या कॉइलवर हवेतल्या दमटपणाचे थेंब सुटतात. ते खालच्या ट्रेमध्ये पडून पाइपाने बाहेर जातात. एसी एकदम बंद केला की कॉइल ओलीच राहते. ओल, अंधार आणि खायला धूळ. बुरशीला आणखी काय पाहिजे? डोंबिवलीत एवढ्यावर लोक संसार उभे करतात.

मग तो गॅलरीत गेला आणि तिथून हाक आली, "हे कुणी केलंय?"

हे म्हणजे मी केलेलं. गेल्या वर्षी आमच्या पाइपाचं पाणी खालच्या काकूंच्या पापडांवर ठिबकलं आणि प्रकरण सोसायटीच्या मीटिंगपर्यंत गेलं. तेव्हा मी तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन आणून पाइप त्यात थेट तळापर्यंत खुपसला होता. हललासुद्धा नाही पाहिजे, अशा बेताने. काकूही खूश झाल्या होत्या. आता त्या कॅनमध्ये हिरवं शेवाळ धरलं होतं. पाइपाचं तोंड पाण्यात बुडालं की आतली हवा कोंडते, पाणी मागे तुंबतं आणि ट्रे कायम भरलेला राहतो, असं पोराने सांगितलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

बायको शांतपणे म्हणाली, "म्हणजे मोजे नव्हते. मोजेवाला होता."

पाइप वर उचलून बांधला, सातशे रुपये घेतले आणि जाताना पोराने पथ्य सांगितलं. बंद करायच्या आधी अर्धा तास नुसत्या फॅनवर चालवा, आतून वाळू द्या.

खरी लढाई इथे सुरू झाली. आप्पा रात्री दोनला उठतात आणि भिंतीवरचं मेन बटण खटकन बंद करतात. खोली गार झाली, आता कशाला? गार न करता एसी अर्धा तास चालवायचा, हे त्यांना पंक्ती उठल्यावर वाढप्याने वाढत राहण्यासारखं वाटलं. फॅनवर असताना कॉम्प्रेसर बंद असतो, वीज अगदी किरकोळ लागते, हे मी तीनदा सांगितलं. ऐकेनात.

शेवटी मी छापखाना काढला. आप्पांची उभी हयात गिरगावात एका छापखान्यात मशीनवर गेली. म्हटलं, आप्पा, हे यंत्र माणसांसाठी निघालेलंच नाही. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगावर रंग बसायचा नाही. म्हणून विलिस कॅरिअर नावाच्या पोरसवदा इंजिनिअरने हवेतली ओल काढायची युक्ती बसवली.

आप्पा उठून बसले. "पावसाळ्यात कागद फुगतोच," ते म्हणाले. "एका लग्नपत्रिकेत गणपतीचा लाल सरकून उंदरावर गेला होता. मालकाने माझे पैसे कापले." मग एसीकडे बराच वेळ बघत राहिले. "तेव्हाच का नाही आणला यांनी?"

आता आप्पा दोनला उठतात, रिमोटने फॅन लावतात आणि प्लास्टिकची खुर्ची एसीखाली ओढून मनगटावरच्या घड्याळात अर्धा तास मोजत बसतात. वेळ जायला तपकीर असते. तीस मिनिटं झाली की एक दणदणीत शिंक, मग खटकन बटण. आम्ही चौघेही तेवढ्यापुरते जागे होतो.

काल शिंकेनंतर खोलीभर तपकिरीचा वास पसरला. बायकोने अंधारात कूस बदलली आणि विचारलं, "मोजे कुठे ठेवलेस?"