दाजी, कुठनं चालू करू?

याकुझा, म्हणजे ती जपानी टोळीवाल्यांची गेमची मालिका, खेळायची आहे, कुठल्या पार्टपासून चालू करू, असं मला कोणी विचारलं की आमची बायको चहाचं पातेलं परत गॅसवर चढवते, कारण तिला अनुभवानं माहितीये की आता हा माणूस तासभर जागचा हलत नाही आणि समोरचा कंटाळून उठलाच तर त्याच्या मागं गेटपर्यंत बोलत जातो. विचारणारा बिचारा साधा असतो. त्यानं कुठंतरी एक क्लिप बघितलेली असते, राखाडी सूटमधला जपानी माणूस रस्त्यावरची सायकल उचलून दुसऱ्याच्या डोक्यात घालतोय, आणि त्याला वाटतं की च्यायला आपण पण घालून बघावी. त्याला फक्त एक आकडा पाहिजे असतो. आकडा सांगा, डाउनलोडला लावतो, झोपतो.

पण आकडाच तर सांगता येत नाही ना राव.

सध्या हा प्रश्न घेऊन माझ्या मागं लागलाय तो माझा मेव्हणा. कुपवाड एमआयडीसीत नोकरी, बोनसच्या पैशातनं पीएस फाइव्ह घेतला, आणि रविवारी सकाळी गावभागात आमच्या घरी हजर.

"दाजी, मी आपला पहिल्यापासनं चालू करतो. विषय संपला."

"पहिला म्हणजे कुठला?"

"पहिला म्हणजे पहिला. एक नंबर."

"एकच्या आधी शून्य आहे."

"मग शून्यापासनं करतो."

"कर की. पण शून्य पाचव्याच्या नंतर आलाय."

मेव्हण्यानं भडंगाची वाटी खाली ठेवली.

"आणि शून्य झाला की एक नाही खेळायचा, किवामी खेळायची. म्हणजे एकच, पण नव्यानं केलेला. मग किवामी टू, म्हणजे दुसरा, तो पण नव्यानं केलेला, तो सहाव्याच्या नंतर आला."

"दुसरा सहाव्याच्या नंतर?"

"नवीन दुसरा. जुना दुसरा २००६ चा आहे. सातव्यात हिरो बदलतो आणि मारामारीची पद्धत पण बदलते, आठव्यात जुना-नवा दोन्ही हिरो आहेत, पण सात आणि आठच्या मधी एक बिनआकड्याचा आहे, तो खेळल्याशिवाय आठव्यात जुना हिरो तिथं काय करतोय ते नीट कळत नाही."

मेव्हणा थोडा वेळ गप्प बसला आणि मग आत बघून म्हणाला, "ताई, ह्यांचं स्थळ आलं तेव्हा चौकशी केली होती का गं कुणी?"

मी त्याला आपल्या पद्धतीनं समजावून बघितलं. आमच्या सांगलीत कुठलीही तारीख पुराच्या आधी का पुराच्या नंतर अशीच लक्षात राहते, कुणाचं लग्न कधी झालं, कुणाचा फ्रीज कधी गेला, सगळं पुरावरनं. तर पहिला पार्ट जपानात आला २००५ च्या डिसेंबरात, म्हणजे आपल्या त्या पुराच्या वर्षीच, पाणी ओसरून घरं वाळून झाल्यावर. सातवा आला २०२० च्या जानेवारीत, म्हणजे २०१९ च्या पुरानंतर पाचच महिन्यांनी. ह्या दोन पुरांच्या मधी दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत सगळं. मेव्हणा म्हणाला हे समजलं, आता आकडा सांगा.

हा गुंता होतो कशामुळं तर ही मंडळी गप बसत नाहीत म्हणून. सगळ्या मालिकेचा जीव एका मोहल्ल्यात आहे, त्याचं नाव कामुरोचो, टोकियोत शिंजुकूमधला काबुकिचो म्हणून जो खराखुरा भाग आहे त्याच्यावरनं घेतलेला. तीच गल्ली, तेच चौक, तीच दुकानं ते परत परत वापरतात, दर वेळी नवीन शहर उभं करत बसावं लागत नाही, म्हणून जवळजवळ दरवर्षी काहीतरी काढता येतं. खेळणाऱ्याला पण बरं पडतं. मला हरभट रोडला गाडी लावायला जागा सापडत नाही, पण कामुरोचोत डोळे बांधून सोडलं तरी मी बरोबर बॅटिंग सेंटरला जाऊन उभा राहीन. आणि तीच गल्ली घेऊन ह्यांनी मधल्या काळात काय काय केलंय, २०११ ला तिथं झाँबी सोडले, २०१८ ला एक वकिलीतनं बाहेर पडलेला डिटेक्टिव्ह आणून त्याची वेगळीच मालिका चालू केली, आणि त्याच नटांचे तेच चेहरे घेऊन तलवारबाजांच्या काळातल्या दोन गेम काढल्या त्या आणखी वेगळ्या. आमच्या ऑफिसातल्या एकानं मला न विचारता त्यातल्या इशिनपासून चालू केलं, जी १८६० च्या दशकात घडते आणि जिच्यात आपला हिरो किर्यू हा साकामोतो र्योमा नावाचा खरा ऐतिहासिक माणूस झालेला आहे. त्या गड्याला अजून वाटतं किर्यू हा जपानचा स्वातंत्र्यसैनिक आहे. जयंती कधी असते म्हणून विचारत होता.

आता ह्यात पंथ आहेत. मिरजेचा माझा एक दोस्त कट्टर आहे, त्याचं म्हणणं जी जशी निघाली तशीच खेळायची, २००५ ची ती २००५ चीच, पीएस टूवर, रीमेक म्हणजे भेसळ. त्याच्याकडं पीएस टू आहे, चालू पण आहे, आणि तो कुणालाही हात लावून देत नाही, म्हणजे सल्ला असा की हेच खेळा पण माझ्याकडं मागू नका. दुसरा पंथ सातव्यावाल्यांचा, त्यांच्याकडं येतोच. आणि तिसरा आमचा शून्यवाल्यांचा, जो बरोबर आहे.

का बरोबर आहे ते सांगतो. मूळ पहिल्या गेममध्ये किर्यूचा जिवलग दोस्त निशिकी सुरुवातीला जरासा दिसतो, लगेच त्याच्या हातनं एक खून होतो, किर्यू तो स्वतःच्या अंगावर घेऊन जेलात जातो, दहा वर्षं गेली, आणि आता निशिकी बदललाय. आपल्याला सांगितलं जातं की हे दोघं भावासारखे होते बरं का. होते तर होते, आपण काय करणार? पण शून्य खेळून आलेल्या माणसाला ते सांगावंच लागत नाही, कारण त्यानं १९८८ च्या डिसेंबरात विशीतल्या त्या दोघांबरोबर कराओके म्हटलेलं असतं, दारू पिलेली असते, आणि एक गाडीतला सीन बघितलेला असतो ज्याच्याबद्दल मी इथं बोलणार नाही. मिरजकर म्हणतो शून्य नंतर खेळलं तर तो सीन जास्त लागतो. लागत असेल. पण नवीन माणसाला रडवण्यासाठी आधी पाच गेम खेळायला लावणं हे मला पटत नाही.

आणि शून्याचा आणखी एक फायदा आहे जो जपान्यांच्याही लक्षात आला नसेल, तो म्हणजे त्याची स्टोरी सांगलीच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. कारण ती जागेच्या भानगडीची आहे.

हे मला माझ्या सासऱ्यांमुळं कळलं. सासरे आमच्याकडं मुक्कामाला आले होते, कोर्टात तारीख होती. त्यांची एका बोळावरनं केस चालू आहे, बोळ किती, तर एक माणूस आडवा चालत जाईल एवढा, आणि केस माझ्या लग्नाच्या आधीपासनंची. मी रात्री शून्य परत चालू केली होती (चौकशी करू नका कितव्यांदा) आणि ते दिवाणावर पेपर वाचत बसले होते. पेपर खाली आला.

"भांडण कशावरनं चाललंय?"

मी म्हटलं मामा, दोन-तीन बिल्डिंगांच्या मागं एक रिकामी जागा आहे, एवढीशी. पण ती मधीच असल्यामुळं सगळा मोठा प्रोजेक्ट अडलाय. टोळीचा मोठा मालक म्हणलाय जो कोणी ही जागा आणेल त्याला माझ्या खालोखालचं पद. म्हणून त्याच्या हाताखालचे तिघं जण एकमेकांच्या जिवावर उठलेत.

"मालक कोण जागेचा?"

"तेच कुणाला माहीत नाही."

सासऱ्यांनी चष्मा पुसला आणि खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसले. तिथनं पुढं मी गेम खेळत होतो आणि ते केस चालवत होते.

त्यांचा पहिला आक्षेप, ह्यांनी उतारा का नाही काढला. मी आपलं बोलून गेलो की सातबारा बघायला पाहिजे होता, तर माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की पोरगी कुणाला दिली आपण. "शहरातल्या जागेला सातबारा कुठला? प्रॉपर्टी कार्ड. सिटी सर्व्हेला जायला पाहिजे त्यानं. मारामाऱ्या काय करत बसलाय?" मग त्या जागेत एक माणूस मेलेला सापडतो आणि आळ किर्यूवर येतो, त्यावर म्हणाले, "हे असंच करतात." कोण करतात ते मी विचारलं नाही. किर्यू टोळी सोडून एका जागा खरेदी-विक्री करणाऱ्याकडं कामाला लागतो, तिथं ते फार अस्वस्थ झाले, एजंटावर विश्वास ठेवू नको म्हणून त्याला दोनदा मोठ्यानं सांगितलं. पुढं किर्यू स्वतःच कामुरोचोतली दुकानं विकत घ्यायला लागतो, आणि त्याला बोलिंगच्या बक्षिसात मिळालेली एक कोंबडी त्याच्या ऑफिसात मॅनेजर म्हणून ठेवता येते, वसुली बघायला. हे मी बनवून सांगत नाहीये, गेममध्ये आहे. मला वाटलं इथं सासरे उठून जातील. ते म्हणाले, "पैसे खात नाही ना? मग चांगलंय."

त्या तिघांतला कुझे म्हणून एक म्हातारा आहे. हरतो, शिक्षा म्हणून करंगळी कापून देतो, परत येतो, परत हरतो, परत येतो, एकदा तर गटारीत मोटारसायकल घेऊन येतो हातात पाइप धरून. मला त्याचा वैताग येतो कारण दर वेळी मारून मारून अंगठा दुखतो. सासरे मात्र त्याच्या प्रेमात पडले. "चिवट आहे," म्हणाले, "आमच्या समोरच्या पार्टीसारखा." कोर्टाची तारीख पुढची पडली तरी ते गावाला गेले नाहीत, म्हणाले गेममधल्या त्या बाईचं काय होतंय ते बघून जातो.

मुद्दा काय, तर शून्य. मेव्हण्याला मी हे सगळं सांगितलं, आणि पुढची वाटचाल पण सांगितली, ती तुम्हालाही सांगून ठेवतो. शून्यानंतर किवामी, जिच्यात माजिमा नावाचा एक डोळ्यावर पट्टी बांधलेला वेडा कचऱ्याच्या डब्यातनं, रस्त्यावरच्या कोनाखालनं, कुठनंही उगवतो आणि आपल्याशी मारामारी करतो, भाजी आणायला जाऊ देत नाही असा प्रकार. मग किवामी टू, दिसायला एकदम देखणी. आणि मग तिसरा, जिथं भलेभले गळतात. कारण किवामी टू २०१७ ची आणि तिसरा मुळात २००९ चा, म्हणजे नंबर पुढं जातो आणि ग्राफिक्स आठ वर्षं मागं. त्यात किर्यू ओकिनावाला अनाथाश्रम चालवतोय, पहिले कितीतरी तास आपण लहान पोरांची भांडणं मिटवतो, आणि मारामारी आलीच तर समोरचे सगळे हात वर करून नुसते अडवत बसतात. २०२५ मध्ये तिसऱ्याची पण किवामी जाहीर केली त्यांनी, उगाच नाही. पण गळायचं नाही, मधी हवं तर महिनाभर विश्रांती घ्या, कारण तिथल्या त्या पोरांची पुढं काळजी वाटायला लागते आणि सहावा पार्ट सगळा त्या काळजीवर चालतो. चौथ्यात हिरो चार, पाचव्यात पाच, त्यांनी सहाव्यात सहा केले नाहीत हे उपकार. पाचव्यात किर्यू फुकुओकाला टॅक्सी चालवतो आणि तिथं सिग्नलला थांबलं, वळताना इंडिकेटर दिला, पॅसेंजरशी गोड बोललं की मार्क मिळतात. सांगलीच्या माणसाला हा सगळ्या मालिकेतला अवघड भाग आहे.

आता सातवा. त्याची बाजू पण मांडायला पाहिजे, नाहीतर साडू रागावतो. नवीन हिरो इचिबान, नवीन शहर योकोहामा, मागचं काही माहीत नसलं तरी चालतं, आणि मारामारी आळीपाळीनं, आधी आपण मारायचं मग त्यांनी. माझा साडू बँकेत आहे, हॉटेलात मेनू कार्ड हातात आलं की पंधरा मिनिटं वाचतो, त्याला पहिल्या सहांतली धडाधड बटणं दाबायची मारामारी जमणं शक्यच नव्हतं. त्याला मीच सातवा दिला. इचिबान पण न केलेल्या गुन्ह्यासाठी अठरा वर्षं आत जाऊन येतो, ह्या मालिकेत दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेणं ही पात्रतेची अटच दिसते, पण किर्यू गप्प गप्प असतो आणि हा बडबड्या, भाबडा, लगेच रडणारा. ज्याला सायकल घालायची हौस नाही, नुसती गोष्ट पाहिजे, त्यानं खुशाल सातव्यापासून करावं. मिरजेच्या दोस्ताला सांगू नका मी असं म्हणालो म्हणून.

एवढं सगळं मी मेव्हण्याला कागदावर लिहून दिलं. बाण काढून. कुठला कधी, कुठल्याच्या आधी काय, कुठला यूट्यूबवर बघितला तरी चालतो, सगळं. कागद त्यानं घडी करून पाकिटात ठेवला, दाजी एक नंबर म्हणाला, आणि गेला.

पुढच्या रविवारी परत आला, सासरे पण होते.

"चालू केली का?" मी विचारलं.

"केली की. निम्मी झाली."

"शून्य?"

"नाय, ती समुद्री डाकूंची. सेलमधी होती."

ती २०२५ ची. आठव्याच्याही नंतरची. माजिमा हवाईला जहाजाचा कॅप्टन होतो, तोफा डागतो. म्हणजे जवळजवळ वीस वर्षांच्या गोष्टीचं शेपूट ह्यानं आधी धरलं. माझा आवाज जरा चढला असावा, कारण आतनं पातेल्याचा आवाज आला. मी म्हटलं अरे लगा, तो माजिमा कोण, त्याच्या डोळ्याला काय झालं, त्यानं ओसाकात काय भोगलंय, किर्यूचं त्याचं काय, ह्यातलं तुला काय माहिती आहे?

"काय पण नाही," मेव्हणा शांतपणे म्हणाला. "पण दाजी, गेम चालू होते तेव्हा तो किनाऱ्यावर पडलेला असतो आणि त्याची मेमरी गेलेली असते. त्याचं त्यालाच मागचं काय आठवत नाही. मग मला कशाला पाहिजे?"

मी सासऱ्यांकडं बघितलं. ते म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे त्याचा," आणि मग मेव्हण्याला विचारलं, "त्या जहाजाचे कागद कुणाच्या नावावर आहेत रं?"