बानश्टाइग आणि फलाट

ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि परके शब्द ठेवायचे की काढायचे हा जुना वाद घरी नव्याने रंगला. त्यात जर्मनांचा दाखला हटकून येतो: बघा, ते कसे स्वतःचेच शब्द जोडतात! श्टुटगार्टमध्ये राहून मला तो अर्धाच खरा वाटतो.

फलाटाला इथे 'बानश्टाइग' म्हणतात. पूर्वी इथेही फ्रेंच 'पेरों' चालायचे. प्रशिया या जर्मन राज्याच्या बांधकाम खात्यातल्या ओटो साराझिन यांनी १८८०च्या दशकात रेल्वेची भाषा जर्मन करायला घेतली. पेरोंचा बानश्टाइग झाला, कूपेचे (डब्यातल्या कप्प्याचे) 'आबटाइल'. बान म्हणजे मार्ग, श्टाइग म्हणजे चढणीची पायवाट. ज्या 'श्टाइगन' (चढणे) क्रियापदातून श्टाइग आला, त्याचे मूळ आणि संस्कृतातल्या 'स्तिघ्' धातूचे मूळ एकच. पण प्रवाशाला हे कुळ ठाऊक असायची गरजच पडली नाही. दोन्ही तुकडे त्याच्या रोजच्या बोलण्यातले होते, आणि रेल्वेने ते पाट्यांवर रंगवले.

नुसत्या पाटीने मात्र भागत नाही. पोस्टखात्याचे प्रमुख हाइनरिश फॉन श्टेफान यांनी १८७७मध्ये टेलिफोनला 'फर्नश्प्रेखर' (दूर बोलणारा) म्हटले. सरकारी छपाईत तो कित्येक दशके टिकला, लोक टेलिफोनच म्हणत राहिले. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये तर पेरों आणि बिलेट (तिकीट) आजही चालतात, म्हणून त्यांची जर्मन कुणी कमअस्सल मानत नाही. या भाषाशुद्धीची एक काळी बाजूही आहे. तिच्यासाठी १८८५मध्ये निघालेली संस्था १९३३नंतर नाझींच्या सेवेला धावली, आणि १९४०मध्ये हिटलरनेच परक्या शब्दांचे सक्तीचे जर्मनीकरण थांबवायचा हुकूम काढला.

आपल्याकडे सावरकरांचे 'महापौर' आणि 'दिनांक' रुजले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण पोर्तुगीजांकडून आलेला 'पगार' घरोघरी असताना सरकारी कागदावर 'वेतन' कशाला? एसटीत 'वाहक' लिहिलेले असते, हाक 'कंडक्टर' अशीच जाते. उलट 'फलाट' आणि 'तिकीट' आपल्या जिभेने घडवले. ते मला बानश्टाइगइतकेच अस्सल वाटतात. संस्कृत की फारसी, यावर भांडण्यापेक्षा परिभाषा ठरवणाऱ्या समितीत एक कंडक्टर, एक तलाठी आणि एक परिचारिका बसवा, आणि त्यांना जो शब्द समजावून सांगावा लागेल तो छापायला पाठवू नका.