पांढऱ्या अस्वलाचं काय झालं, हे विचारू नये

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही नवी रहस्यमालिका लावलीत, 'एकच भाग बघू' म्हणत पहाटे अडीचला पाचवा संपवलात, आणि आता तुमची अशी समजूत झाली आहे की जंगलात झाडं मोडत जे काही फिरतंय ते नेमकं काय आहे, हे कोणीतरी कधीतरी तुम्हाला सांगणार आहे. ही समजूत आजच काढून टाका. नाहीतर पुढे जागरणं होतील, पित्त खवळेल, आणि शेवटचा भाग झाल्यावर घरातली माणसं तुमच्याशी आठवडाभर जपून बोलतील.

दोष तुमचा नाही, संस्कारांचा आहे. १९८५ साली दूरदर्शनवर करमचंद गाजर खात खात खुनी शोधून द्यायचा. १९९३ मध्ये ब्योमकेश बक्षी आले, तेही धोतर सावरत का होईना, पण शेवटी सगळं उलगडून सांगायचे. मग १९९८ पासून तब्बल वीस वर्षं आपले शिवाजी साटम हवेत बोटं फिरवत 'कुछ तो गडबड है' म्हणत राहिले आणि ती गडबड काय आहे हे बहुतेकदा त्याच रात्री कळत राहिलं. दया दार तोडायचा. दारामागे खुनी असायचा, निदान प्रेत तरी. दार तोडलं की पलीकडे काहीतरी असतं, हा खुळचट हट्ट आपल्या डोक्यात बसला तो तिथून.

'लॉस्ट'मध्येही दार होतं. २२ सप्टेंबर २००४ला अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ही मालिका सुरू झाली. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं ओशनिक ८१५ हे विमान एका बेटावर कोसळतं. बेट उष्ण कटिबंधातलं, आणि त्यावर पांढरं ध्रुवीय अस्वल. शिवाय काळ्या धुराचा एक राक्षस, जो माणसं उचलून आपटतो. (ज्या अधिकाऱ्यानं ही कल्पना काढली आणि पहिल्या भागावर एक कोटी डॉलरच्या वर खर्च होऊ दिला, त्याची नोकरी मालिका पडद्यावर येण्याआधीच गेली. उत्तरं न मिळालेल्या लोकांच्या यादीत त्याचा नंबर पहिला.) पुढे जंगलात जमिनीत गाडलेलं एक पोलादी झाकण सापडतं. अर्धं पर्व ते झाकण उघडायच्या खटपटीत जातं. शेवटी डायनामाइट लावतात, झाकण उडतं, नायक आत डोकावतात, कॅमेरा खाली खाली जातो आणि पर्व संपतं. पुढचं सप्टेंबरात.

इथे तुम्ही चिडलात, तर तुम्ही अजून कच्चे आहात. आदर्श प्रेक्षक कसा असतो ते बघायचं असेल तर त्या झाकणाखाली राहणाऱ्या डेस्मंडकडे बघा. दर १०८ मिनिटांनी तो एका जुनाट संगणकावर ४, ८, १५, १६, २३, ४२ असे आकडे टाइप करतो आणि बटण दाबतो. बेरीज करा, १०८च येते. कशासाठी दाबतो? 'नाहीतर जगाचं वाटोळं होईल' असं त्याला कोणीतरी सांगितलंय म्हणून. खरं आहे का? त्यालाही ठाऊक नाही. तरी तीन वर्षं झोपेतून उठून उठून तो दाबतोय. वाहिन्यांना असा माणूस लागतो. पुढच्या भागाचं बटण पंधरा सेकंदांत आपोआप दाबलं जायची सोय ओटीटीवाल्यांनी केली ती फार नंतर. डेस्मंड हातानं करायचा.

आता तुम्ही वही घालाल. सगळेच घालतात. आकड्यांचा अर्थ, कोण कुणाचा भाऊ, धुराला नाव देणं, बाण, वर्तुळं, प्रश्नचिन्हं. घाला, पण एक पथ्य पाळा: तुमची उपपत्ती लेखकांच्या उपपत्तीपेक्षा चांगली निघाली तर ती कुणाला सांगू नका. ती चांगली असण्याची शक्यता फार मोठी आहे, कारण तुम्हाला मालिका चालवायची नाहीये. तुम्हाला फक्त गोष्ट जुळवायची आहे.

घोडं तिथेच पेंड खातं. अमेरिकी वाहिनीवर गाजणारी मालिका कधी संपणार हे तिच्या लेखकांच्या हातात नसतं. जाहिराती येतायत तोवर ती चालते. आता मला सांगा, जिचा शेवट कोणत्या वर्षी आहे हेच ठरलेलं नाही त्या गोष्टीतलं रहस्य कितव्या भागात फोडायचं? आज फोडलं तर उद्या दाखवायचं काय? म्हणून मग भिजत घोंगडं. 'लॉस्ट'च्या तिसऱ्या पर्वात, फेब्रुवारी २००७ मध्ये, नायक जॅकच्या दंडावर गोंदवलंय ते कुठून आलं, यावर एक अख्खा भाग खर्च झाला. जॅक थायलंडला जातो, पतंग उडवतो, एका बाईच्या प्रेमात पडतो, गोंदवून घेतो, मार खातो. बेटाचं गूढ एक इंचही पुढे सरकत नाही. गंमत म्हणजे ते गोंदण पात्राचं नव्हतंच. ते भूमिका करणाऱ्या मॅथ्यू फॉक्सच्या अंगावर आधीपासून होतं. मालिकेचे कर्तेधर्ते डेमन लिंडेलॉफ आणि कार्लटन क्यूस शेवटाची तारीख ठरवून द्या म्हणून वाहिनीच्या मागे लागलेच होते. हा भाग त्यांच्या कामी आला: तारीख नसली तर काय बघावं लागतं, याचा नमुनाच त्यांच्या हाती होता. मे २००७ मध्ये वाहिनीनं जाहीर केलं की अजून ४८ भाग, आणि २०१० साली खेळ खलास.

पण हे लेखकांची बाजू घेऊन बोलणं झालं. तुम्हाला द्यायचा सल्ला वेगळा आहे: उत्तर मिळालंच तर लगेच हुरळून जाऊ नका. सहा वर्षं जंगलातून कुजबूज ऐकू यायची. अंगावर काटा यायचा. शेवटच्या पर्वात कळलं की ते इथे अडकून पडलेले आत्मे आहेत. दोन वाक्यांत काम झालं, पुढचं दृश्य. आणि बेट म्हणजे नेमकं काय? तर एका गुहेत सोनेरी उजेड आहे, आणि त्या उजेडाच्या तळाशी दगडी बूच आहे. होय, बूच. ते काढलं की बेट हादरायला लागतं, परत बसवलं की थांबतं. सहा पर्वं, एकशे वीसच्या आसपास भाग, आणि शेवटी नायक गुडघाभर पाण्यात उभा राहून बूच बसवतोय. तेव्हा माझ्या मनात आलं की कुजबूज होती तेच बरं होतं.

अस्वलाचंही उत्तर दिलं होतं, हे आता कोणाला आठवतसुद्धा नाही. धर्मा इनिशिएटिव्ह नावाच्या संशोधकांच्या टोळीनं ते प्रयोगासाठी आणलेलं. तिसऱ्या पर्वात पिंजरे दाखवले, मग २०१० च्या ऑगस्टमध्ये डीव्हीडीच्या संचाबरोबर बारा मिनिटांचं एक परिशिष्ट दिलं, त्यात अस्वलाचा विषय पुन्हा घेतला. त्या परिशिष्टात ग्वाममधल्या एका गोदामात काम करणारे दोघे जण आहेत. इतकी वर्षं कुठे पाठवतोय हे माहीत नसताना ते खोकी भरून पाठवतायत. मालिकेतला कावेबाज खलनायक बेन त्यांना कामावरून काढायला येतो, तेव्हा ते म्हणतात की आम्हाला उत्तरं मिळायला हवीत. बेन त्यांना प्रत्येकी एक प्रश्न विचारू देतो. एक. प्रेक्षकाची इतकी प्रेमळ चेष्टा मी दुसरीकडे पाहिलेली नाही, आणि ती बघायला पुन्हा पैसे मोजायचे होते.

शेवटाच्या जेमतेम दोन आठवडे आधी आलेला भाग तर प्रत्येक प्रेक्षकानं आधी बघून घ्यावा, म्हणजे पुढची सहा वर्षं वाचतील. त्यात बेटावर वाहून आलेली एक गरोदर बाई तिथल्या म्हातारीला प्रश्नामागून प्रश्न विचारते. म्हातारी सांगते की मी एकाचं उत्तर दिलं की त्यातून दुसरा प्रश्न निघेल. वाक्य बाईला उद्देशून असलं तरी बघत तुमच्याकडे होती. मग बाई बाळंत होते, जुळी होतात, आणि म्हातारी तिच्या डोक्यात दगड घालते. एवढं स्पष्ट सांगूनही ज्यांना शेवटच्या भागात उत्तरं हवी होती, त्यांना काय म्हणावं?

२३ मे २०१०ला शेवट झाला. सगळी पात्रं एका प्रार्थनास्थळात भेटली, मिठ्या मारल्या, उजेड झाला. जॅकचा मेलेला बाप त्याला स्वच्छ शब्दांत सांगतो की तुझ्या आयुष्यात जे घडलं ते सगळं खरं घडलं. मग श्रेयनामावलीच्या मागे वाहिनीनं समुद्रकिनाऱ्यावरच्या विमानाच्या सांगाड्याची काही शांत दृश्यं टाकली, प्रेक्षकांना जरा सावरायला वेळ मिळावा म्हणून. ती बघून लाखो लोकांची खात्री पटली की म्हणजे पहिल्याच दिवशी सगळे मेलेले होते! आजही कोणीतरी तुम्हाला हे छातीठोकपणे सांगेल. वाद घालू नका. उत्तर मिळालं नाही की माणूस स्वतःचं घेऊन येतो, आणि स्वतः आणलेलं कोणी परत करत नाही.

आता एक वाक्य पाठ करा: 'रहस्य महत्त्वाचं नव्हतं, पात्रांचा प्रवास महत्त्वाचा होता.' आरशासमोर म्हणून बघा, मान किंचित तिरकी ठेवून. या वाक्यापुढे भल्याभल्यांची बोलती बंद होते. पहिल्या पर्वाच्या प्रोमोमध्ये प्रवासाचं नावही नव्हतं, तिथे किंकाळी होती, धूर होता आणि 'काय आहे या बेटावर?' असा भरदार आवाज होता, हे कोणी काढलंच तर त्याला अरसिक ठरवून मोकळे व्हा. गिऱ्हाईक बोलावताना रहस्य आणि हिशेब मागितला की प्रवास, अशी ही वाटणी आहे.

'म्हणजे उत्तर द्यायचंच का?' असा साळसूद प्रश्न विचाराल, तर दिग्दर्शक डेव्हिड लिंचचं ऐका. १९९० साली त्याची 'ट्विन पीक्स' ही मालिका आली आणि लॉरा पामरला कोणी मारलं हे अमेरिका विचारू लागली. लिंचला ते कधीच सांगायचं नव्हतं. वाहिनीनं रेटा लावला, दुसऱ्या पर्वात नोव्हेंबरमध्ये खुनी दाखवावा लागला. प्रेक्षकांनी उत्तर घेतलं, आभार मानले आणि टीव्ही बंद केला. पुढच्या वर्षी मालिकाच बंद पडली. सोन्याची अंडी देणारी कोंबडी कापली, असं तो पुढे म्हणत राहिला. २०१७ मध्ये त्यानं अठरा भागांचं नवं पर्व केलं, आणि ते संपतं तेव्हा नायक रस्त्यात उभा राहून 'हे कोणतं साल आहे?' असं विचारतो. पंचवीस वर्षांचं व्याज त्यानं असं वसूल केलं. उलट डेन्मार्कवाल्यांनी २००७ साली एका मुलीचा खून वीस भागांत नीट सोडवून दाखवला होता. त्यावरून अमेरिकेत 'द किलिंग' केली, २०११ चं पर्व खुनी न सांगताच संपवलं, आणि लोक असे खवळले की वाहिनीला ऐकवत नव्हतं.

आपल्याकडे ही अडचण फार सुंदर सोडवली आहे. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये सुरू झाली तीच अण्णा नाईकांच्या मृत्यूनं. लोकांना अण्णांबद्दल प्रश्न पडले. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात मालिका मागच्या काळात गेली: अण्णा जिवंत, शेवंता हजर, मिशीला पीळ. २०२१ च्या तिसऱ्यात अण्णा भूत. मेलेला, जिवंत, भूत अशा तिन्ही अवस्थांत एकच माणूस चालवला की कोण कशाचं उत्तर मागणार? आणि मागितलंच तर पांडू आहे. वाड्यात काय घडलं ते सगळं ज्यानं पाहिलंय, त्याला विचारावं तर तो म्हणतो, 'इसरलंय'. ती भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते. लेखकानं स्वतः पडद्यावर येऊन विसरलो म्हणून सांगावं, इतका प्रामाणिकपणा लिंडेलॉफला जमला नव्हता.

अर्थात, नंतर जमला. २०१४ मध्ये त्यानं 'द लेफ्टओव्हर्स' आणली. १४ ऑक्टोबरला जगातली दोन टक्के माणसं एका क्षणात नाहीशी होतात, आणि ती कुठे गेली हे मालिका सांगत नाही. दुसऱ्या पर्वाचं शीर्षकगीतच मुळी गूढ राहू द्या म्हणतं. दुकानाच्या दारावर 'उधारी बंद' लिहिलेलं असलं की कोणी वाद घालत नाही; तीन पर्वं झाली, लोक रडले, आणि 'माणसं गेली कुठे' म्हणून फारसं कोणी भांडलं नाही. मी तर म्हणतो शेवटचा भाग पुन्हा बघा. पण ही स्तुती झाली, आणि स्तुतीनं सल्ला बिघडतो.

राहता राहिले ते आकडे. कथेत त्याच आकड्यांवर विमानातल्या हर्ली नावाच्या प्रवाशाला लॉटरी लागते आणि मग त्याच्या आयुष्यात एकामागून एक अरिष्टं येतात. आकडे शापित आहेत, असं तो कंठशोष करून सांगतो. अर्थ विचारत बसलेले प्रेक्षक अजून बसलेले आहेत. काहींनी मात्र अर्थाचा नाद सोडला आणि मुंबईच्या मटक्यावर लावावेत तसे ते आकडे अमेरिकेच्या मेगा मिलियन्स या लॉटरीवर लावले. ४ जानेवारी २०११ च्या सोडतीत ४, ८, १५ आणि मेगा बॉल ४२ आले. हजारो लोकांना प्रत्येकी १५० डॉलर लागले, म्हणजे तेव्हाचे साधारण पावणेसात हजार रुपये. 'लॉस्ट'कडून रोख काही वसूल केलेले प्रेक्षक माझ्या माहितीत तेवढेच. बाकीच्यांनी पुढची मालिका लावावी. पहिला भाग फार चांगला आहे म्हणतात.